हंसगामिनीची डावी टाच

३ जानेवारी

आज दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी नात पहिल्यांदा आधाराशिवाय चालली. वय तेरा महिने, चार दिवस. स्वयंपाकघराच्या दारापासून माझ्या टेबलापर्यंत सहा पावलं, सातव्याला माझ्या गुडघ्याला मिठी. तीस वर्षं बातमीदारी केली, पण इतक्या जवळून इतिहास घडताना पाहिला नव्हता. बायकोला हाक मारली. ही शिवणयंत्रावरून उठून येईपर्यंत इतिहास खाली बसून माझी चप्पल चाटत होता.

चाल मोठी झोकदार आहे. डावीकडे झुकते, सावरते, पुन्हा झुकते. ज्या चालीवर संस्कृत कवींनी शाईच्या दौतीच्या दौती रिकाम्या केल्या, ती हीच. मी तिथल्या तिथे नामकरण उरकलं: हंसगामिनी.

संध्याकाळी लेक न्यायला आली. ती एका आर्किटेक्टकडे घरांचे नकाशे काढते, त्यामुळे सरळ रेषेबद्दल जरा हळवी आहे. पोरीला चालवून दाखवलं. आधी हसली, मग डोळे पुसले, मग म्हणाली, "बाबा, ही अशी का चालते हो?"

"डायपर. तुझ्या मांड्यांत उशी बांधली तर तूही अशीच चालशील."

तिचं समाधान झालं. माझंही.

६ जानेवारी

नातीच्या दिवसाची फाळणी झालेली आहे, ती एकदा नोंदवून ठेवतो. सकाळी ती तिच्या घरी, दुसऱ्या आजीकडे, म्हणजे आमच्या विहीणबाईंकडे. तिथे कापडी लंगोट, जुन्या मऊ चादरींचे, उन्हात वाळवलेले. दुपारी दोनला विहीणबाई तिला आमच्याकडे सोडतात. इथे लेकीच्या हुकमाने विकतचे डायपर. दोनच्या ठोक्याला दारातच राजवट बदलते. जावई जहाजावर असतो. युद्धात त्याचं राष्ट्र तटस्थ आहे.

आज विहीणबाई दारातच थांबल्या. "व्याही, तुम्हाला म्हणून सांगते. त्या प्लॅस्टिकच्या गाठोड्याने पोरीच्या मांड्या आखडल्यात. लंगोट बांधायला घेतला की उजवा पाय कसा सहज बाजूला होतो, आणि डावा म्हणाल तर हूं की चूं नाही. अडूनच बसतो."

संध्याकाळी हे लेकीच्या कानावर घातलं. (घालायला नको होतं. पण सवय.)

"अडतो कारण आईंचा बोळा टोचतो तिला! आणि आखडायचं म्हणाल तर पहिले तीन महिने आईच पाय सरळ ओढून अशा आवळून गुंडाळायच्या की पोर नाही, मिटलेली छत्री वाटायची. मी बोलले की म्हणायच्या, पाय वाकडे राहिले तर तू सरळ करणार का? जन्मली तेव्हाही पाय आधी घालून आली, तर तेही माझंच चुकलं होतं."

"तुझं नाही, तिचं. पायाळू माणसाला घाई असते."

"बाबा, तुम्ही ना, कशाचीही थट्टा करता."

पूर्वपक्ष, उत्तरपक्ष; पाय एकच, भाष्यं दोन. बातमीदाराला आणखी काय हवं?

९ जानेवारी

संपादकांच्या खोलीत. पदवीला संस्कृत घेतलं, हा माझा गुन्हा ते कोणाला विसरू देत नाहीत.

"शास्त्रीबुवा, रविवारच्या 'घरातलं विज्ञान'मध्ये काय देताय?"

"लंगोट विरुद्ध डायपर. कशाने मुलाची चाल बिघडते."

"वा! पण निकाल पाहिजे हं. बरोबरीत सुटलेला सामना आपले वाचक बघत नाहीत."

दोन भाग ठरले. पहिल्यात गंमत, दुसऱ्यात प्रयोग. परदेशात कुठेशी अभ्यासकांनी मुलांना लंगोटात, डायपरमध्ये आणि उघडं असं तिन्ही प्रकारे चालवून पावलं मोजली, असं वाचलं होतं. आपणही मोजू. मूल घरचंच आहे.

१४ जानेवारी

पहिला भाग छापून आला. मथळा 'हंसगतीचं रहस्य'. संपादकांनी माझी कवींवरची दोन परिच्छेदांची मजा कापली आणि एकच वाक्य उचलून चौकटीत टाकलं, ठळक अक्षरात:

"बाळ डुलत चालतंय? घाबरू नका. डायपर सुटला की चालही सुटेल."

चौकट छान दिसते. तीन फोन आले. विहीणबाई खूश, कारण खापर डायपरवर फुटलं. लेक खूश, कारण घाबरू नका असं लिहिलंय. एकाच लेखाने दोन्ही बाजू खूश करणं माझ्या कारकिर्दीत प्रथमच घडलं.

१६ जानेवारी

हिने नातीसाठी दोन पायजमे शिवले. घालून पाहिले तर डावा पाय पावलावर लोळतो, उजवा बरोबर.

"मापात चुकलीस," मी म्हटलं.

"कापड दुहेरी घडी घालून एकाच कात्रीत कापलंय मी. चुकलं तर दोन्ही चुकतील."

"मग यंत्राला चष्मा लागलाय."

ही हसली नाही. डाव्या पायाला बोटभर जास्त दुमड घालून टाके मारले. मग पोरीला पलंगावर उताणं झोपवून फितीने पाय मापायला लागली. पोर फीत ओढते, ही पुन्हा लावते, पोर पुन्हा ओढते. असं बराच वेळ. अखेर मी म्हटलं, "अगं, शिंप्याने गिऱ्हाइकाशी कुस्ती करू नये." फीत गुंडाळून ठेवली. माझ्या विनोदांचा अलीकडे हिच्यावर परिणाम होत नाही. वय झालं असावं, विनोदांचं.

२१ जानेवारी

प्रयोग झाला.

छपाईखान्यातून कागदाच्या रिळाचं उरलेलं टोक आणलं होतं. दिवाणखान्यात दारापासून खिडकीपर्यंत अंथरलं. शाईला लेकीची मनाई, म्हणून बीट किसून रस परातीत काढला. पंच म्हणून दोन्ही पक्ष हजर: विहीणबाई सोफ्याच्या एका टोकाला, लेक दुसऱ्या. मध्ये चार माणसांची जागा.

पहिली फेरी, लंगोट. पावलं फाकलेली, एक या काठाला, एक त्या काठाला. लेक म्हणाली, "बघा." एवढंच, पण म्हणण्याची तऱ्हा!

दुसरी फेरी, डायपर. पावलं जरा जवळ आली, पण फार नाही. "यालाही काही सोनं लागलेलं नाही," विहीणबाई.

तिसरी फेरी, काहीच नाही. पोर जन्माला आली तशी, खिदळत, दोन्ही हात वर करून गेली. पावलं चांगलीच जवळ. दोन्ही पक्ष चीत! मला संपादकांचा चेहरा दिसू लागला.

ही फडकं घेऊन फरशीवरचे रसाचे डाग पुसत होती. पुसता पुसता कागदाच्या टोकाशी गुडघ्यांवर बसली, ती उठेचना.

"अहो, हिची डावी टाच कुठाय?"

"रस कमी लागला असेल."

हिने पोरीला उचललं, दोन्ही तळवे परातीत नीट बुडवले, टाचा स्वतःच्या अंगठ्याने चोळून रस लावला आणि चौथ्यांदा चालवलं. मग पाचव्यांदा. उजवं पाऊल पूर्ण, टाचेसकट. डाव्याची पाच बोटं आणि खाली चवडा, बस. मग आधीच्या तिन्ही फेऱ्या पाहिल्या. लंगोटात नाही, डायपरात नाही, उघड्यावरही नाही.

विहीणबाई म्हणाल्या, "त्या डायपरनेच..." आणि थांबल्या. डायपर तर कोपऱ्यात पडला होता. शेजारीच लंगोटही होता. पोर बसून पायाचा अंगठा चोखत होती, बीट गोड लागतं.

कागद वाळल्यावर गुंडाळून कपाटावर ठेवला. पहिल्या पहिल्यांदा मुलं चवड्यावर चालतातच. दुसऱ्या भागाला मजकूर मात्र भरपूर झाला. ही जेवली नाही. दात दुखतो म्हणाली.

२३ जानेवारी

हिने मला न विचारता हाडांच्या डॉक्टरांची परवाची वेळ घेतली. लेकीनेही रजा टाकली. दोघींचं फोनवर काय बोलणं झालं माहीत नाही. मी खोलीत गेलो की थांबायचं.

"एका टाचेसाठी डॉक्टर?" मी म्हटलं.

"तुम्ही यायलाच हवं असं नाही," ही म्हणाली. एकतीस वर्षांच्या संसारात हे वाक्य मी प्रथमच ऐकलं. जाणार आहे. डॉक्टर हसले की मग बोलू.

२५ जानेवारी

डॉक्टर हसल्या नाहीत.

तरुण बाई, माझ्या लेकीच्या वयाच्या. पोरीला टेबलावर उताणं झोपवलं, दोन्ही गुडघे मुडपून पावलं शेजारी शेजारी ठेवली. आम्ही चौघं बघत होतो. दोन गुडघे, एक उंच, एक खाली. इतकं साधं. मोजपट्टीही लागली नाही. मग दोन्ही मांड्या बाहेर उघडल्या. उजवी टेकली, डावी वाटेत अडली. विहीणबाईंच्या तोंडून बारीक आवाज निघाला.

फोटो काढला. भिंतीवरच्या उजेडापुढे धरून डॉक्टर म्हणाल्या, "हा उजवा खुबा, वाटीत बसलाय. हा डावा. वाटीच्या बाहेर, वर सरकलाय. त्यामुळे पाय आखूड पडतो, म्हणून टाच टेकत नाही."

मी विचारलं, "डायपरने?" मला ते विचारायलाच हवं होतं. छापून आलं होतं.

"डायपरने मूल दोन्ही पायांनी फेंगडं चालतं, काका. एका पायाने लंगडत नाही."

मग त्यांचे प्रश्न. मुलगी पायाळू होती का? होती. घरात आणखी कोणाला? नाही. "पहिल्या महिन्यांत पाय सरळ करून घट्ट गुंडाळायचात?"

विहीणबाई फोटोकडे बघत होत्या. लेक म्हणाली, "नाही... म्हणजे कधीमधी. सगळे गुंडाळतात तेवढंच."

लेक विसरली. तिनेच मला त्या छत्रीचं सांगितलेलं वहीत लिहून ठेवलंय. मी आठवण करून देणार होतो, तेवढ्यात हिने माझ्या पायावर पाय दिला. खोली लहान होती.

डॉक्टर म्हणाल्या, कारण एकच एक नसतं, ते शोधत बसू नका. पायाळू मुलींना जन्मल्यावर तपासायचं असतं, ते राहून गेलं. आता बेशुद्ध करून खुबा वाटीत बसवून पाहायचा. बसला तर प्लॅस्टर, कमरेपासून खाली, तीनेक महिने. नाही बसला तर कापावं लागेल. आणि त्यानेही... ते वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. "महिन्याने आलेलं मूल आणि वर्षाने आलेलं मूल यात फार फरक पडतो. थांबू नका."

हिने पिशवीतून कागदाची गुंडाळी काढली, तो पायजमाही. डॉक्टरांनी कागद पूर्ण उलगडून टेबलभर पसरला आणि एकेक डावं पाऊल पाहिलं.

"हे कोणी केलं?"

"मी," मी म्हटलं. मग हिच्याकडे बोट दाखवलं.

घरी परतताना विहीणबाईंनी लेकीच्या खांद्यावरची जड पिशवी काढून आपल्या खांद्यावर घेतली. त्यांचा स्वतःचा खांदा गेले वर्षभर दुखतो. का घेतली कोण जाणे.

एकीला पाय अडलेला दिसला, एकीला चाल वाकडी दिसली, एकीला पायजमा लांब दिसला. मला हंस दिसला.

२७ जानेवारी

कार्यालयात वाचकांची पत्रं आली होती. त्यातलं एक:

"आमचा मुलगा पंधरा महिन्यांचा आहे, असाच डुलत चालतो. डॉक्टरांना दाखवायचं ठरवलं होतं. पण तुमची चौकट वाचली आणि जीव भांड्यात पडला. बेत रद्द केला. मनापासून आभार."

खाली पत्ता. फोन नंबर नाही.

संपादकांसमोर पत्र ठेवलं. म्हटलं, दुरुस्ती छापायची.

"कशाची? डायपरने मुलं डुलतात, हे खोटं आहे का?"

"घाबरू नका, हे खोटं आहे."

"बरं, पाचव्या पानावर एक ओळ टाकू."

"चौकट पहिल्याला होती. दुरुस्तीलाही चौकट."

"शास्त्रीबुवा, घरच्या काळजीने तुमचं डोकं..."

"चौकट," मी म्हटलं. आवाज बराच चढला असावा, कारण बाहेरची टंकलेखनाची टकटक थांबली. तीस वर्षांत त्यांच्यावर ओरडलो नव्हतो. ते चष्मा पुसायला लागले.

२८ जानेवारी

पत्रावरचा पत्ता शोधत गेलो. काखेत रिळाचा तुकडा, पिशवीत बीट. तिसरा मजला. दार उघडणाऱ्या बाईंना वाटलं, पत्राला बक्षीस लागलं.

"बाळ कुठाय?" मी विचारलं. यापेक्षा वाईट सुरुवात करता आली नसती. त्यांनी दार निम्मं लोटलं. मग मी नाव सांगितलं, लेखाचं सांगितलं, माझ्या नातीच्या टाचेचं सांगितलं. त्यांचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोर बदलत गेला.

"पण तुम्हीच लिहिलंत ना, घाबरू नका म्हणून?"

"लिहिलं. चुकलं."

मुलगा आतून आला. डुलत. मी कागद पसरला, तळव्यांना रस लावला. दोन टाचा. पुन्हा चालवलं. दोन टाचा, ठसठशीत.

"म्हणजे बरा आहे ना?" बाई.

जिभेवर 'हो' आलं होतं. फार सुंदर शब्द आहे तो. "मला माहीत नाही," मी म्हटलं. "मी डॉक्टर नाही. दोन्हीकडे दोष असला तर कदाचित कागदावर दिसणारही नाही. उद्या दाखवा."

त्यांनी चहा विचारला नाही, आणि बरोबरच केलं.

४ फेब्रुवारी

छापून आलं. चौकट, त्यात पाचव्या फेरीचं छायाचित्र: एक पूर्ण पाऊल, एक बिनटाचेचं. खाली तीनच ओळी. "मागच्या लेखात मी घाबरू नका असं लिहिलं. ते लिहिण्याचा मला अधिकार नव्हता. मूल एका बाजूला झुकत चालत असेल, एक मांडी अडत असेल, एक पाय आखूड वाटत असेल तर डॉक्टरांना दाखवा."

शब्दालंकार शून्य. संपादकांनी एक अक्षर कापलं नाही. कालच त्या बाईंचा कार्यालयात निरोप आला: मुलाला दाखवलं, ठीक आहे. आभार वगैरे नव्हते.

६ फेब्रुवारी

सकाळी नऊला पोरीला आत नेलं. दार बंद होईपर्यंत ती माझ्याकडे हात करत होती. बहुधा माझ्या चष्म्याकडे.

दहा. साडेदहा. डॉक्टर म्हणाल्या होत्या, लवकर बाहेर आलो तर नुसतं प्लॅस्टर, उशीर झाला तर कापावं लागलं असं समजा. त्यांनी हे सांगायला नको होतं. ही हातातल्या फडक्याला टाके घालत होती. दोरा सुईत नव्हता. मी सांगितलं नाही.

अकराला मी पाणी आणायला गेलो. परतलो तर बाकावर विहीणबाई तोंडाला पदर लावून रडत होत्या आणि लेक त्यांचा दुसरा हात दोन्ही हातांत धरून मान हलवत होती, नाही, नाही, नाही. काळजीच तेवढी आहे. मी पाणी दिलं. कोणी प्यायलं नाही.

अकरा वीसला डॉक्टर आल्या. "बसला. कापावं नाही लागलं."

मी खाली बसलो. खुर्ची होती, हे नंतर कळलं.

९ फेब्रुवारी

पोर आता बगळ्यासारखी पांढरी आहे, कमरेपासून खाली. मांड्या फाकलेल्या, मध्ये एक खिडकी. दोन दिवस रडली, आज चमचा फेकला. शुभलक्षण.

परिचारिकेने खिडकीची व्यवस्था शिकवली. आत प्लॅस्टरच्या कडेखाली सर्वांत लहान मापाचा विकतचा डायपर खोचायचा, ओल आत जाता कामा नये. तो हलू नये म्हणून वरून रुंद कापडी लंगोट घट्ट बांधायचा. एकट्याने जमत नाही. लेक खोचते, विहीणबाई उचलून धरतात आणि बांधतात.

"आई, अजून जरा वर."

"धरलंय गं. तू सावकाश घे."

संपादकांना निकाल हवा होता. सांगणार नाही.

१२ मे

प्लॅस्टर निघालं. मध्ये एकदा बदललं, ते लिहायचा धीर झाला नाही. पाय काडीसारखे झालेत. फोटोत खुबा वाटीत आहे. पोर मात्र उभी राहायला तयार नाही. खाली ठेवलं की पाय पोटाशी घेते. डॉक्टर म्हणतात, वाट बघा. मला बघता येत नाही. अलीकडे थट्टाही जपून करतो.

९ जून

चार दिवसांपासून पोर शिवणयंत्राच्या कडेला धरून उभी राहते. आज ही म्हणाली, "तो कागद काढा."

रिळाचं शेवटचं टोक उरलं होतं, जेमतेम दोन हात. बीट मी किसलं. दोनच्या ठोक्याला विहीणबाई पोरीला घेऊन आल्या; बोलावणं धाडलं नव्हतं, तरी त्यांच्यामागे दारात लेकही उभी. लेक कामावरून पळून आली होती. सोफ्यावर दोघी शेजारी बसल्या.

हिने पोरीला उभं केलं. विहीणबाईंनी उठून पुढून दोन बोटं धरायला दिली. एक पाऊल. थांबली, आमच्याकडे पाहिलं. दुसरं. तिसऱ्याला मटकन खाली.

मी चष्मा लावून वाकलो, तर हिने हाताने मला मागे सारलं. आधी बघायचा हक्क तिचा होता. गुडघ्यांवर बसली. किती वेळ बसली ते लिहीत नाही. मग डाव्या ठशाच्या मागच्या टोकाला बोट टेकवलं, उचललं. बोटाचं टोक लाल झालं होतं.

"आहे," ही म्हणाली. "पुसट आहे, पण आहे."

मग उठली, शिवणयंत्रापाशी गेली आणि पायजम्याच्या डाव्या पायाची जादा दुमड उसवायला बसली.